वन्समोअरवाल्या गावात कराटे

परवा दुपारी दुकानात पंक्चर काढत बसलो होतो आणि रस्त्यावरून नाटकाची गाडी गेली. गाडी म्हणजे साधा ऑटोच, पण त्याच्या टपावरचा भोंगा एवढा थोर, की ऑटो भोंग्याला लटकून चाललाय असं वाटावं. आजचा नाट्यप्रयोग, अमुक गावच्या भव्य मंडपात, माय-बहिणींसाठी बसण्याची स्वतंत्र सोय! त्या आवाजानं माझ्या घमेल्यातल्या पाण्यावर अशा लाटा उठल्या, की ट्यूब कुठून फुटली आहे ते बुडबुड्यांवरून कळेचना. मी ट्यूब बाजूला ठेवली आणि हात पुसले. लोकांना थंडी अंगावरच्या काट्यानं कळते. आम्हाला भोंग्यानं कळते.

बाकीच्या खुणा मागाहून येतात. बांध्यांमध्ये कापलेल्या धानाचे खुंट उरतात आणि त्यांच्या मधून लाखोळी डाळीची हिरवी पोरं डोकी वर काढतात. घरापुढे धानाच्या तणसाचे, म्हणजे पेंढ्याचे ढीग लागतात, त्यांच्या उबेला कुत्री झोपतात आणि कुत्र्यांच्या उबेला कोंबड्या. नव्या तांदळाचा भात शिजला की वास शेजारच्या गल्लीपर्यंत जातो आणि शेजारची गल्ली ताट घेऊन येते. सकाळी तलावावर धुकं बसतं. एका वर्षी ते इतकं दाट होतं, की आमच्या गावच्या एका म्हशीला तलाव संपला हेच कळलं नाही आणि ती तशीच पोहत पोहत ग्रामपंचायतीपर्यंत आली. मी स्वतः पाहिलं. म्हणजे धुक्यामुळे पाहता आलं नाही, पण माझ्या अगदी जवळून गेली.

धान घरात आलं, की आमच्या या झाडीपट्टीतला माणूस दोन कामांपुरता उरतो. एक शेकणं, दुसरं पाहणं. वडशाहून नाटकं निघतात ती होळीपर्यंत गावोगाव फिरतात. ज्या गावात शंकरपट, म्हणजे बैलांची शर्यत, त्या गावात नाटक. ज्या गावात नाटक, त्या गावात सगळ्या तालुक्याचे पाहुणे. माणसं दुपारीच मंडपात पोतं अंथरून जागा धरून ठेवतात. आणि नाटक पाहतात म्हणजे नुसतं डोळ्यांनी पाहत नाहीत. हिरोला सल्ला देतात, सासूला शिव्या देतात, गाणं आवडलं तर वन्समोअर, मरण आवडलं तरी वन्समोअर. एका गावात तर मेलेल्या बापाला लोकांनी तीनदा उठवून पुन्हा मरायला लावलं होतं. शेवटी तो बिचारा खरंच दमून पडला आणि लोक म्हणाले, आत्ता जमलं.

अशा या लोकांच्या मधोमध मी गेल्या वर्षी कराटेचा वर्ग काढला. चूक माझीच.

तसा वर्ग पावसाळ्यात सुरू झाला होता, शाळेच्या व्हरांड्यात. तेव्हा गाव धानाच्या रोवणीत गुंतलेलं, त्यामुळे पाहायला एक बकरी सोडली तर कोणी नव्हतं. पुढे व्हरांड्यात धानाचे कट्टे रचले गेले आणि आम्ही बाजाराच्या ओट्यावर आलो. आठवडी बाजाराचा ओटा म्हणजे गावाच्या पोटावरची बेंबी. चारी बाजूंनी मोकळा, कमरेइतका उंच, आणि वरून पत्रे. पांढरे कपडे घातलेली पोरं त्यावर रांगेत उभी राहिली. मी 'एक' म्हटलं, पोरं पंच मारून 'कियाय' ओरडली, आणि पलीकडच्या शेकोटीपाशी बसलेली सगळी माणसं एका झटक्यात उभी राहिली.

दुसऱ्या दिवशी मी पोचायच्या आधी ओट्याभोवती पोती अंथरलेली होती.

बायका एका बाजूला, पुरुष एका बाजूला. मध्ये वाट. कोणी सांगितलं नव्हतं, ठरवलं नव्हतं, सवयच ती. एक म्हातारी घोंगडी आणि पाण्याचा तांब्या घेऊन आली होती आणि मला विचारत होती, "कितीक वाजेपर्यंत चालते जी?" मी म्हटलं, दिवस मावळायच्या आत संपते. तिचं तोंड उतरलं. "इतकं लहान नाटक?"

या सगळ्यांचे सेनापती शालिकभाऊ. शेती थोडी आणि आवाज फार. जवानीत नाटकात भालदाराचं काम करायचे, म्हणजे भाला धरून कडेला उभं राहायचं आणि महाराज आले की 'महाराज आले' म्हणायचं. त्यांचं म्हणणं, ते एकदा 'महाराज आले' म्हणाले तेव्हा एटापल्लीकडच्या जंगलात एक सागाचं झाड आडवं झालं. मी म्हणतो, एक नाही, दोन. असा माणूस पहिल्या रांगेत पोत्यावर मांडी घालून बसायचा आणि प्रत्येक पंचाला दाद द्यायचा.

"अबे गोलू, पोट अंदर घे नं! पोटानं मारतं का हातानं?"

"वा रे माह्या पठ्ठ्या! वन्समोअर!"

आणि गोलू, दहा वर्षांचा गोलमटोल पोरगा, खरंच वन्समोअर करायचा. मी 'दोन' म्हणतोय आणि पोरगा अजून 'एक'च मारतोय. काही पोरं मानेनं प्रेक्षकांना नमस्कार करू लागली. एकानं पडण्याच्या सरावात पडल्यावर डोळे मिटून हुंदका दिला. कुणी शिकवलं विचारलं, तर म्हणाला, आजी रडली पाहिजे ना सर.

मी उपाय केले. आधी विनंती केली. दोन्ही हात जोडून म्हटलं, मायबापहो, पोट्टे शिकून राह्यले, शांतता ठेवा. त्यावर टाळ्या पडल्या. सूत्रधार चांगला बोलतो म्हणाले. मग शिट्टी आणली. शिट्टी वाजली की लोकांना वाटायचं, अंक बदलला. बायका उठून पाय मोकळे करायच्या आणि कोणीतरी भाजलेल्या शेंगांचं टोपलं फिरवायचं. मग मी डोकं चालवलं आणि पोरांना उलटं उभं केलं, प्रेक्षकांकडे पाठ. प्रेक्षक पोती उचलून पलीकडे गेले. मी पोरांना फिरवलं, ते फिरले. पुन्हा फिरवलं, पुन्हा फिरले. त्या संध्याकाळी आमचा कराटे राहिला बाजूला, गावानं ओट्याला इतक्या प्रदक्षिणा घातल्या, की म्हातारीनं शेवटी हळदकुंकू मागवलं. दोरी बांधून पाहिली. दोरीवर लोकांनी शाली वाळत घातल्या.

चिडावं तरी कोणावर? ओटा त्यांचा, पोरं त्यांची, थंडी त्यांची. मी तेवढा फुकटचा.

खरा शिस्तीचा प्रेक्षक मला एकच मिळाला. एका सकाळी ओट्यामागच्या धुळीत ठसे दिसले, थाळीएवढे. वनरक्षकानं पाहून सांगितलं, वाघ होता, अन् बसलेला होता. मी म्हणतो, संध्याकाळभर बसला असणार आणि एकदाही वन्समोअर म्हणाला नाही. मी हे गावात सांगितलं, शालिकभाऊंना नमुना म्हणून. ते म्हणाले, "त्याले समजलंच नसन मास्तर. समजलं असतं तं बोलला असता."

इथपर्यंत सगळी गंमत. खरी अडचण पुढे आली, आणि ती फक्त आमच्याच भागात येऊ शकते.

पंच-ब्लॉक आले, की जोडीचा सराव लागतो. एकानं हल्ला करायचा, दुसऱ्यानं अडवायचं. मग अदलाबदल. पण लोकांच्या नजरेत ओट्यावर दोघं समोरासमोर आले, आणि एकानं दुसऱ्यावर हात उगारला, म्हणजे तो कोण? खलनायक! पहिल्याच दिवशी गोलूनं हल्ला केला तेव्हा बायकांच्या बाजूनं असे काही बोल आले, की गोलूच्या सख्ख्या आईनंही त्यात भर घातली. "काऊन मारतं रे त्याले? त्यानं तुयं का बिघडवलं?" दुसऱ्या दिवसापासून कोणी पोरगं हल्ला करायला तयार होईना. सगळ्यांना अडवायचं होतं. समोरासमोर दोन पोरं, दोघंही हात वर धरून अडवायला तयार, आणि मारणारा कोणीच नाही. सगळा वर्ग फोटो काढून घ्यायला उभा असल्यासारखा.

तेव्हा मंजुळा म्हणाली, "मी करतो हल्ला."

मंजुळा पार्बताबाईची. घर तलावाच्या पाळीवर, म्हणजे बांधावर. मासे धरणारं, शिंगाडे काढणारं घर. पार्बताबाई बाजारात मासे विकायला बसली, की तिचा आवाज चिंचेवरच्या बगळ्यांनाही ऐकू जातो. पोरगी उलटी. दिवसभरात जे बोलायची ते एका पोस्टकार्डावर मावलं असतं आणि पत्त्यालाही जागा उरली असती. पण तिचा पंच! मी चंद्रपूरला शिकलो, मोठमोठे हात पाहिले, पण असा पंच पाहिला नाही. कुठून आला, हे मला तलावावर कळलं. ती डोंग्यात उभी राहून जाळं फेकत होती. आधी कंबर वळली, मग खांदा, मग हात, आणि जाळं पाण्यावर गोल उमटलं. तोच तो पंच. मी शिकवलाच नव्हता.

ती हल्ला करू लागली आणि वर्ग पुन्हा चालू झाला. तिचा हात सुटला की समोरच्या पोराचे केस उडायचे. मी तर म्हणेन, मागच्या पोराचेही. अन् ओट्याखालून शालिकभाऊंचा आवाज, "आली रे आली! खलनायक आली!" मग सगळं गाव, हसणं, शिट्ट्या, हूऽऽ. ते नाव तिच्या मागे शाळेत गेलं, विहिरीवर गेलं, बाजारात आईच्या टोपलीपर्यंत गेलं. आणि एका संध्याकाळी रांगेत तिची जागा रिकामी दिसली. दुसऱ्या दिवशीही. पोरांच्या पहिल्या पट्ट्याची परीक्षा तोंडावर आली होती आणि माझ्या वर्गात पुन्हा सगळे हिरोच उरले.

मी शालिकभाऊंना धरलं. म्हटलं, चला माझ्यासोबत, तुमचा पराक्रम पाहा. तलावाच्या पाळीवर ऊन पडलं होतं. पार्बताबाई मासळी वाळत घालत होती, मंजुळा कोपऱ्यात जाळं सांधत होती. आम्हाला पाहताच बाईचं सुरू झालं.

"या जी शालिकभाऊ, या! माह्या पोरीले गावभर खलनायक केलं तुमी. बाजारात लोक मले इचारते, का वो, खलनायकाची माय, वाम कशी देल्ली? उद्या तिले पाव्हणे पाहाले येतीन तं का सांगू? मारझोड करते म्हनू?"

शालिकभाऊंचं तोंड उघडं होतं आणि त्यातून आवाज येत नव्हता, हे दृश्य मी तरी पहिल्यांदाच पाहत होतो. मग म्हणाले, "अवं पार्बता, म्या तं तिचा मान केला!"

"हा मान?"

"मंग! हिरोले का हाये? हिरो गानं म्हनते अन् रडते. कोनी बी करन. खलनायक आला का मंडपातलं रडतं लेकरू चूप होते. माही जिंदगी गेली कडेले भाला धरून, मले कोनी खलनायक नाई देल्ला. आवाज होता, उंची होती, तरी नाई देल्ला. हिले पाह्यलं तं वाटलं, आली एखांदी!"

मंजुळानं जाळ्यातून मान वर केली. "मंग तुमी हासता काऊन?"

"हासत नाई माय. खुश होऊन राह्यलो."

"मले वरून तसं नाई वाटत," ती म्हणाली. "वरून वाटते का सारे मलेच हासून राह्यले."

मी कितीतरी दिवस त्या वाक्यापाशी अडकून होतो. अजूनही कधी पाना फिरवताना ते आठवतं. ओट्याची उंची कमरेइतकी, पण तेवढ्यात खालचं कौतुक वर पोचेपर्यंत हेटाळणी होऊन जातं. आणि खाली बसलेल्याला ते कधीच कळत नाही, कारण तो वर चढत नाही. मी इतके दिवस शिट्ट्या फुंकत होतो, दोऱ्या बांधत होतो. लोकांना गप्प करायचं म्हणजे त्यांचा आवाज कमी करायचा, असं मला वाटत होतं. पण तो आवाज म्हणजे त्यांचं प्रेम, ते कसं कमी करणार? इथं तर ते पोतं घेऊन दुपारपासून येऊन बसतं.

शालिकभाऊ मात्र विचारात पडणाऱ्यातले नव्हते. ते जाळ्यापाशी उकिडवे बसले. "आयक पोरी. लोकाइले चूप कराची एकच दवा हाये, अन् ते तुह्या मास्तरच्या शिट्टीत नाई. खलनायक कधी लोकाइले चूप बसा म्हनत नाई. तो आधी हासते. आपुन पयले हासलो, का दुसऱ्याले हासाले जागाच नाई राह्यत." आणि हात कमरेवर ठेवून, छाती भरून त्यांनी ते हसून दाखवलं. काय सांगू! पाळीवरचे बगळे उडाले ते थेट आलापल्लीला जाऊन बसले. एक बकरी आडवी झाली. वाळत घातलेल्या मासळीतली एक, देवाशपथ, पुन्हा हलली.

पार्बताबाईला हसू आवरेना, पण तिनं ते पदरात दाबलं आणि मला बोट दाखवून म्हणाली, "मास्तर, परीक्षेले पाठवतो मी तिले. पन त्या दिवशी बी लोकाइनं हेच केलं अन् पोरगी रडत घरी आली, तं मंग माह्या दारात याचं नाई. तिचं कराटे तिथंच खतम."

परीक्षेच्या दिवशी चंद्रपूरहून परीक्षक सर आले. पांढरे शुभ्र, इस्त्रीच्या घडीसारखे. त्यांनी ओट्याभोवतीचं गाव पाहिलं आणि मला विचारलं, "आज इथं जत्रा आहे का?" मी म्हटलं, नाही सर, परीक्षाच आहे. पोती सकाळपासून अंथरलेली. शेजारच्या गावाहून बैलबंड्या आल्या होत्या. झाडावर माणसं, पत्र्यावर माणसं; एका माणसाच्या खांद्यावर बसलेल्या माणसाच्या खांद्यावर तिसरा माणूस होता, तो कोणाचा हे शेवटपर्यंत कळलं नाही. सुरुवातीचे प्रकार कसेबसे पार पडले. मग जोड्या लागल्या. मंजुळा आणि गोलू समोरासमोर आले, आणि खालून उठलं ते, "आली रे आलीऽऽ!"

सरांनी हात वर केला. गोंधळ वाढला. त्यांनी मला जवळ बोलावून थंडपणे सांगितलं, "मला माझा आवाज ऐकू येत नाहीये. लगेच शांतता झाली नाही, तर मी परीक्षा इथंच थांबवतो." मी शिट्टी फुंकली. बायका पाय मोकळे करायला उठल्या. मी हात जोडले, टाळ्या पडल्या. शालिकभाऊ पहिल्या रांगेत दोन्ही हातांनी स्वतःचं तोंड धरून बसले होते, डोळ्यांत पाणी. पण त्यांनी पेटवलेलं गाव आता त्यांच्याशिवाय जळत होतं. बायकांच्या बाजूला पार्बताबाई उभी राहिली होती, पदर खोचून, पोरीला खाली उतरवून घरी न्यायला निघालेली. गोलू ओट्याच्या कडेकडे सरकत होता. सरांनी पेनला टोपण लावलं.

आणि मंजुळा वळली. गावाकडे तोंड केलं, हात कमरेवर ठेवले, छाती भरून घेतली.

हसली.

आवाज त्या एवढ्याशा पोरीच्या अंगातून कुठून आला देव जाणे. बहुधा तलावाच्या तळातून. पत्रे झणझणले. ते हसणं एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे गेलं, परत आलं, प्रत्येक पोत्यापाशी थांबून माणूस पाहून पुढे गेलं. झाडावरची माणसं फांदीला बिलगली. कडेवरची लेकरं रडायची थांबली. ते ओसरलं तेव्हा इतकी शांतता झाली, की बंडीला बांधलेल्या बैलाचं रवंथ ऐकू येत होतं, आणि माझ्या माहितीप्रमाणे बैलानंही ते थांबवलं.

ती वळली, गोलूला हलकेच म्हणाली, "भिऊ नको. डावीकडून मारतो," आणि कंबर वळली, मग खांदा, मग हात. गोलूनं अडवलं. पुन्हा. पुन्हा. प्रत्येक फटक्याचा कपड्यात होणारा फटकार त्या शांततेत स्वच्छ वाजत होता. परीक्षक सर पुढे वाकले होते. पेन त्यांच्या हातून कधी पडलं, त्यांना माहीत नाही. शेवटचा हात अडवला गेला. दोघांनी एकमेकांना वाकून नमस्कार केला. सरांनी मान डोलावली, दोघांनाही जवळ बोलावून पट्टा बांधला, गोलूला एक आणि मंजुळाला एक.

तरी कोणी हललं नाही. एवढं मोठं गाव, आणि श्वासाचा आवाज नाही. पार्बताबाई उभीच होती, खोचलेला पदर हातात. शालिकभाऊंचे हात अजून तोंडावर. सगळे तिच्याकडे पाहत होते, आता काय होईल या भीतीनं, पुढच्या परवानगीची वाट पाहत. मंजुळानं पट्ट्याची गाठ ओढून पाहिली, मग गावाकडे पाहिलं. तिलाही कळेना, हे असे काय बसले आहेत.

"झालं जी," ती म्हणाली. "आता वाजवा नं!"